पद्मिनीचं इंजिन: बांधायचं की बदलायचं?

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकाला या प्रश्नाची पहिली चाहूल धुरातून लागते. सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर भपकारा निघतो. ऑइलची पातळी आठवड्यागणिक खाली जाते. कसारा किंवा खंबाटकी चढताना गाडीला धाप लागते आणि टॅपेटच्या ओळखीच्या टकटकीखाली एक जड ठोका ऐकू येऊ लागतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, इंजिन खोला, बोअर करा, नवे पिस्टन टाका, पुन्हा वीस वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, एवढ्याशा ताकदीच्या यंत्रावर पैसे कशाला घालता? जिप्सीचं इंजिन बसवा, एसीसुद्धा चालेल.

दोन्ही सल्ले गाडीवरच्या प्रेमापोटीच दिलेले असतात. पण दोन्ही देणाऱ्यांनी बहुतेक वेळा इंजिन आतून पाहिलेलं नसतं. हा निर्णय यंत्राची जात, त्याची आजची मापं आणि गाडीकडून आपल्याला काय हवंय या तीन गोष्टींवर ठरतो. म्हणून आधी ओळख यंत्राची.

1937 चं माप

या इंजिनाची कुळी पद्मिनीहून बरीच जुनी. 1937 मध्ये इटलीच्या फियाट कंपनीनं ‘508 सी’ ही गाडी आणली. दान्ते जाकोझा या अभियंत्याचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर आणि एकूण घनफळ 1089 सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, आणि मधलं काम पुशरॉडकडे. युद्धानंतर 1953 मध्ये आलेल्या फियाट 1100 नं हेच माप पुढे चालवलं. समोरच्या फुगीर नाकामुळे आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती हीच.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट तयार होऊ लागल्या. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली. इटलीतल्या 1100 डीला तोवर 1221 सीसीचं मोठं इंजिन मिळालं होतं. कुर्ल्यानं मात्र 1089 वरच भिस्त ठेवली. पुढे त्याच गाडीचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झालं. शतक संपत आलं तरी ती बनत होती. 1937 साली ठरलेलं माप साठ वर्षांहून अधिक काळ टिकलं.

ताकद सुमारे 40 अश्वशक्ती, म्हणजे आजच्या छोट्या गाडीच्या जवळपास निम्मी. पण या इंजिनाचा मोठेपणा दुसरीकडे आहे. ते साध्या पाना-पेंचीसनं उघडतं, त्याचा प्रत्येक भाग हाताला लागतो, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनं त्याला दुरुस्तीची पाठशाळा करून टाकलं. चोवीस तास दोन पाळ्यांत धावणारी टॅक्सी इंजिन पुन्हापुन्हा झिजवते आणि पुन्हापुन्हा बांधून घेते. त्यामुळे शहरात या एका यंत्राचे जाणकार शेकड्यांनी तयार झाले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र अजून धावताहेत, आणि ते जाणते हातही अजून आहेत.

आधी मोजणी

धुराचा रंग बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. तिथे इंजिन खोलायची गरजच नाही, कार्ब्युरेटर आणि एअर क्लीनर पाहावा. पांढरी वाफ सतत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळा धूर ऑइल जळण्याचा, पण त्यातही फरक आहे. रात्रभर उभी गाडी सुरू करताना किंवा उतारावर पाय सोडल्यावर भपकारा आला तर ऑइल बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून उतरतंय. अॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर वाढत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

याची खातरजमा कॉम्प्रेशन टेस्टनं होते. गरम इंजिनाचे चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा कमी निघाला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी निघाले तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालेलं असू शकतं. एवढ्या परीक्षेत कित्येक ‘संपलेली’ इंजिनं फक्त हेडच्या कामावर वाचतात.

खरं उत्तर मात्र इंजिन खोलल्यावरच मिळतं. बोअर गेज आत सोडला की दोन गोष्टी कळतात. सिलिंडर वरच्या टोकाला जास्त झिजलेला असतो, कारण तिथे स्फोटाचा दाब सर्वाधिक आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ. ही झाली टेपर. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला बाजूला रेटतो, त्यामुळे गोल बोअर हळूहळू लंबगोल होतो. अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तोच धूर. नुसत्या रिंगांवर भागवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

बांधणी

इंजिन बांधणं हे खरं तर तीन कारागिरांचं काम: खोलणारा-जोडणारा मेकॅनिक, बोअरिंग-ग्राइंडिंगचं वर्कशॉप आणि हेडचं काम करणारा. ब्लॉक आधी स्वच्छ धुतला जातो आणि वेल्च प्लग काढून पाण्याच्या वाटांतला गंज खरवडला जातो. आपल्याकडे वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नळाचं पाणी भरण्याची सवय होती. त्याची शिक्षा अॅल्युमिनियमच्या हेडनं भोगलेली असते. पाण्याच्या छिद्रांभोवती धातू खाल्लेला दिसतो, हेड वाकलेलं असतं. फेसिंग करून ते सपाट होतं, पण प्रत्येक फेसिंगबरोबर जाडी कमी होते. किती शिल्लक आहे हे मोजणारा मेकॅनिक निवडावा.

मग बोअरिंग. पुढच्या ओव्हरसाइज पिस्टनच्या मापानं सिलिंडर कोरायचा, आणि पिस्टन आधी हातात घेऊन मगच कोरायचा, डब्यावरच्या आकड्यावर विसंबून नाही. शेवटी होनिंग करून भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटवायची. या रेघांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात. गुळगुळीत आरशासारखा बोअर दिसायला सुंदर, पण त्यात रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पीत राहतं. शेवटच्या साइजच्याही पुढे गेलेल्या ब्लॉकला लायनर दाबून बसवता येतो आणि पुन्हा मूळ मापावर आणता येतं.

क्रँकशाफ्ट या इंजिनात फक्त तीन मेन बेअरिंगवर फिरतो. आधुनिक चार सिलिंडरच्या इंजिनांत सहसा पाच असतात. त्यामुळे क्रँकचं ग्राइंडिंग नेमकं हवं, कडेची गोलाई जपली जायला हवी, नाहीतर तिथूनच तडा जातो. ग्राइंडिंगनंतर ऑइलची छिद्रं तारेनं आणि हवेनं साफ करणं हे किरकोळ वाटणारं काम अख्ख्या बांधणीचं भवितव्य ठरवतं. आत राहिलेली चिमूटभर भुकटी नवीन बेअरिंग काही किलोमीटरांत खाऊन टाकते.

बांधलेलं इंजिन लगेच ताणू नये. सुरुवातीचे हजारभर किलोमीटर वेग बदलता ठेवावा, एकाच गतीनं लांब पळवू नये, पहिलं ऑइल लवकर बदलावं, टॅपेटची फट पुन्हा तपासावी. आणि आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं हे लक्षात घेऊन पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणाऱ्या मालाचीच घ्यावीत. जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं.

बदल: कारखान्यानंही केला

इंजिन बदलणं म्हणजे पाप, असं कोणी सांगू लागलं तर इतिहास त्याच्या बाजूनं नाही. प्रीमियरनं स्वतः 1985 मध्ये ‘118 एनई’ आणली ती फियाट 124 च्या देहात निसानचं 1171 सीसीचं ए-12 इंजिन घालून. 1996 मध्ये पद्मिनीलाच इटलीच्या एफएनएम कंपनीचं डिझेल इंजिन देऊन ‘137 डी’ काढली. हिंदुस्तान मोटर्सनं नव्वदच्या दशकात अॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन बसवलं, आणि ती अॅम्बेसेडर कितीतरी चपळ झाली.

पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, एक्झॉस्ट या सगळ्यांचा हिशेब नव्यानं मांडून चाचण्या घेतो. गॅरेजमध्ये हे सगळं अंदाजानं होतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं आडवी बसतात आणि पुढची चाकं फिरवतात. पद्मिनीत इंजिन उभं आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणूनच निवड जिप्सी किंवा 118 एनईच्या इंजिनांभोवती फिरते. त्यासाठीही इंजिनाची फाउंडेशन नव्यानं बनवावी लागतात, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, स्टिअरिंगवरचा हँडल गिअर सहसा जातो. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन असेल तर वायरिंग, ईसीयू आणि टाकीतला पंप हे वेगळं प्रकरण. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पद्मिनीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत, 40 अश्वशक्तीला पुरतील असे. ताकद वाढवून ब्रेक तसेच ठेवणं हा जीवाशी खेळ आहे.

कायद्याची बाजू

इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे इंजिन बदलणं ही आरटीओच्या नोंदीची बाब होते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं. सीएनजी किंवा विजेसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मंजूर किट बसवण्याची सवलत त्यात आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. नोंद नसलेलं इंजिन घेऊन फिरणाऱ्याला अपघातानंतर विमा कंपनीसमोर उभं राहणं अवघड.

दुसरी गोष्ट 2021 ची. केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेलं, मूळ रूपात जपलेलं, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेलं वाहन त्यात बसतं आणि त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. 1974 ची पद्मिनी 2024 मध्येच या उंबरठ्यावर पोचली. आज हौसेनं इंजिन बदलणारा उद्याचा तो मान घालवून बसतो. अर्थात ‘व्हीए’ नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फीव्हा’ हिच्या जतनविषयक सनदेला फियाटच्याच गावाचं, ट्यूरिनचं नाव आहे. फीव्हाचा आग्रह असा, की बदल करायचाच तर तो परत फिरवता यावा. हे तत्त्व आपल्या गॅरेजांनीही भिंतीवर लावावं असं आहे.

माझा कौल

ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँकला ग्राइंडिंगची एक साइज शिल्लक असेल, तर बांधणीच करावी. ब्लॉक गेलाच असेल तर आधी दुसरा 1089 चा ब्लॉक शोधावा. भंगारात निघालेल्या टॅक्सींमुळे तो मिळणं अशक्य नाही, आणि त्याच जातीच्या इंजिनाची नोंद करून घेणंही सोपं. वेगळ्या जातीच्या इंजिनाचा विचार या दोन्ही वाटा बंद झाल्यावरच. तोही आरटीओची परवानगी हातात घेऊन, ब्रेक सुधारून, चॅसी न कापता आणि मूळ इंजिन ग्रीस लावून, गुंडाळून जपून ठेवून. एक्सप्रेस वेवर रोज शंभरच्या वेगानं एसी लावून जायचं असेल, तर त्यासाठी नवी गाडी घेणं स्वस्त आणि सुरक्षित. पद्मिनीवर ते ओझं लादू नये.

मला बांधणीचा आग्रह धरावासा वाटतो त्यामागे आणखी एक कारण आहे. बोअरमध्ये गेज फिरवून टेपर ओळखणारा हात पुस्तकातून तयार होत नाही. त्याला काम मिळत राहिलं तरच तो शिकवतो आणि शिकवला तरच टिकतो. प्रत्येक बदललेल्या इंजिनामागे त्याचं एक काम कमी होतं. पद्मिनी जपायची तर तिला बांधू शकणारी माणसंही जपायला हवीत, आणि त्यांना जपण्याचा एकच उपाय म्हणजे त्यांना चोख मोबदल्याचं, घाई नसलेलं काम देणं.

म्हणून बांधणी झाली की मेकॅनिककडून मापं मागून घ्यावीत: बोअर कोणत्या साइजचा, क्रँकची मेन आणि बिग एंड कितीवर, हेडची उरलेली जाडी किती, किती किलोमीटरला काम झालं. तारीख टाकून वहीत लिहावीत आणि वही आरसीबरोबर ठेवावी. वीस वर्षांनी हे इंजिन पुन्हा उघडणाऱ्याला, मग गाडी तेव्हा कोणाचीही असो, त्या आकड्यांवरून बांधायचं की बदलायचं हे पहिल्याच दिवशी ठरवता येईल.