दामदुपट लंडनमध्ये

महिनाअखेरीस हात तंग झालेल्या माणसाला पगाराच्या तारखेपर्यंत दिलेले छोटे कर्ज म्हणजे ‘पेडे लोन’. ब्रिटनमध्ये २००८च्या मंदीनंतर हा धंदा फोफावला. ‘वोंगा’ ही त्यातली सर्वांत गाजलेली कंपनी. तिचा व्याजदर वर्षाच्या हिशेबाने मांडला, तर पाच हजार टक्क्यांवर जाई.

मजूर पक्षाच्या खासदार स्टेला क्रीझी कर्जाच्या एकूण खर्चावर मर्यादा घाला, अशी मागणी वर्षानुवर्षे करत होत्या. विरोधकांचा युक्तिवाद असा : मर्यादा घातली, की परवानाधारक कंपन्या हात आखडतील आणि नडलेला माणूस बेकायदा सावकाराच्या दारात जाईल. सरकारही आधी हेच म्हणे. नोव्हेंबर २०१३मध्ये मात्र अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी भूमिका बदलली आणि २ जानेवारी २०१५पासून मर्यादा लागू झाली.

नियम तीन. व्याज व शुल्क मिळून रोज ०.८ टक्क्यांहून जास्त नको. परतफेड चुकल्यास दंड १५ पौंडांपर्यंतच. आणि व्याज, शुल्क, दंड सगळे मिळून मुद्दलापेक्षा अधिक नको. १०० पौंडांवर रोज ८० पेन्स धरले, तर १२५ दिवसांत आकारणी मुद्दलाएवढी होते. पुढे एक पेनीही चढत नाही.

तिसरा नियम वाचताना मी थबकलो. ही तर आपली दामदुपट! एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही, हा धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमलातही मानला होता. सावकाराने त्यावर तोड काढली. व्याज थकले, की ते मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यायचे. दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. १८७५मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी खतेच जाळली. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने मग न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायला लावले.

ब्रिटिश नियमाने ही पळवाट आधीच बुजवली. कर्जाची मुदत वाढवली, तरी सगळी आकारणी एकत्र धरून मूळ रकमेशी ताडली जाते. नियामक संस्थेने २०१७मध्ये आढावा घेतला, तेव्हा ७ लाख ६० हजार कर्जदारांचे वर्षाला १५ कोटी पौंड वाचत असल्याचे तिने सांगितले. कर्ज नाकारलेले लोक बेकायदा सावकारांकडे वळल्याचा पुरावा तिला मिळाला नाही. जुन्या कर्जांबद्दलच्या भरपाईच्या दाव्यांनी वाकलेली वोंगा २०१८मध्ये बुडाली.

कर्ज नाकारलेल्या माणसाची नड मात्र मर्यादेने भागत नाही. तिला स्वस्त पतपुरवठाच हवा. तरीही कर्जाचा कुठलाही कायदा हाती आला, की दराचा आकडा पाहण्याआधी मी एक कलम शोधतो : हे देणे वाढायचे थांबते कुठे?