दोन इंधनांचे इंजिन : निगा कशाची आणि सावधगिरी कुठे?

आजचा विषय थोडा यंत्राचा आहे, पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातली मुलं-मुली जहाजावर आहेत, काही कॅडेटही आलेले दिसतात. म्हणून आम्ही ठरवलं की सूत्रं बाजूला ठेवायची आणि इंजिन रूममध्ये प्रत्यक्ष काय चालतं ते सांगायचं.

ड्युअल फ्युएल इंजिन म्हणजे दोन इंधनांवर चालणारं इंजिन. एक नैसर्गिक वायू, दुसरं नेहमीचं द्रव इंधन, म्हणजे डिझेल किंवा जड तेल. वायू जहाजावर द्रवरूपात, उणे १६२ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेला असतो. द्रव केल्यावर त्याचं आकारमान सुमारे ६०० पटीने कमी होतं, म्हणून तो टाकीत मावतो. आपल्या दाभोळला किंवा गुजरातेत दहेजला जी एलएनजी जहाजं येतात, त्यांच्या टाक्यांत हाच माल असतो. टाकी कितीही चांगली असली तरी थोडी उष्णता आत शिरते आणि थोडा वायू उकळून सुटत राहतो. पूर्वी ही जहाजं तो वायू बॉयलरमध्ये जाळून स्टीम टर्बाइन चालवत. २००६च्या सुमारास वार्टसिलाची ५०डीएफ जातीची इंजिनं अशा जहाजांवर आली आणि चित्र बदललं. आज मालवाहू कंटेनर जहाजं, फेरी बोटी, क्रूझ जहाजंही या इंजिनांवर चालतात.

आत नेमकं काय घडतं?

आता बघा, डिझेल इंजिनात हवा दाबली की ती इतकी तापते की इंधन फवारताच पेट घेतं. मिथेनला असं पटकन पेटायला जमत नाही. म्हणून ५०डीएफसारख्या इंजिनात वायू हवेबरोबर आधीच मिसळून सिलिंडरमध्ये घेतात आणि अगदी थोडं डिझेल फवारून ठिणगीचं काम करून घेतात. याला पायलट इंधन म्हणतात. पूर्ण भारावर ते एकूण इंधनाच्या साधारण १ टक्का असतं. वायूचा दाब ५-६ बार पुरतो. दोन स्ट्रोकच्या मोठ्या इंजिनांत दोन पंथ आहेत. विनजीडीची एक्स-डीएफ इंजिनं १६ बारपेक्षा कमी दाबावर, याच मिसळण्याच्या पद्धतीने चालतात. मानची एमई-जीआय इंजिनं मात्र वायू सुमारे ३०० बार दाबाने, डिझेलसारखाच शेवटच्या क्षणी आत सोडतात. आज आम्ही मुख्यतः कमी दाबाच्या इंजिनांबद्दल बोलणार आहोत.

इथे हवा गरजेच्या साधारण दुप्पट द्यावी लागते. वायू जास्त झाला तर मिश्रण वेळेआधी भडकतं, त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडे बसल्यासारखे धक्के बसतात. हवा जास्त झाली तर सिलिंडर पेटतच नाही, म्हणजे मिसफायर. या दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून इंजिनाला चालायचं असतं. हवा गरम असली, म्हणजे मे महिन्यातलं मुंबईबाहेरचं समुद्रावरचं वारं म्हणा, तर बोळ आणखी अरुंद होतो. म्हणून चार्ज एअर कूलर स्वच्छ ठेवणं हे डिझेल इंजिनात निव्वळ कार्यक्षमतेचं काम असतं, इथे ते सुरक्षिततेचं काम आहे. टर्बोचार्जर, हवेचे फिल्टर आणि वेस्ट गेट व्हॉल्व्ह यांचंही तसंच.

ट्रिप म्हणजे इंजिनाने विचारलेला प्रश्न

या इंजिनाचा मोठा गुण असा की वायूकडून काही बिनसलं तर ते क्षणात, चालू भारावरच, आपोआप द्रव इंधनावर येतं. दिवे जात नाहीत, प्रोपेलर थांबत नाही. उलटा प्रवास, म्हणजे डिझेलवरून वायूवर, ठराविक भाराखाली आणि सावकाश करावा लागतो.

पण याच गुणामुळे माणूस सैलावतो. वायू बंद पडला, इंजिन डिझेलवर आलं, अलार्म दाबला, पुन्हा वायूवर टाकलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही शिकवताना पहिल्या दिवशीच सांगतो, की ट्रिप हा प्रश्न आहे, त्याचं उत्तर शोधल्याशिवाय रिसेट करायचं नाही. एकाच सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतंय का? त्याच सिलिंडरचा गॅस ॲडमिशन व्हॉल्व्ह घाण अडकून गळत असेल. नॉक सेन्सरच सैल असेल. पायलट इंजेक्टरचं छिद्र काजळीने अर्धं बुजलं असेल. ही छिद्रं बुजू नयेत म्हणून अनेक इंजिनांत डिझेलवर चालतानाही पायलट फवारा चालूच ठेवतात.

मिसफायर दुर्लक्षिला तर काय होतं ते नीट समजून घ्या. न जळलेला वायू एक्झॉस्टच्या नळीत जातो. तिथे गरम धातू आहे, हवा आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की भडकू शकतो. म्हणून एक्झॉस्टच्या मार्गावर स्फोटाचा दाब मोकळा करणाऱ्या तबकड्या बसवतात आणि इंजिन थांबल्यावर पंख्याने तो मार्ग हवेने धुऊन काढतात. हा पंखा बंद आहे म्हणून त्याचा सिग्नल जम्पर लावून फसवणं, म्हणजे विहिरीच्या काठावरचा कठडा काढून ठेवणं.

ज्या इंधनाचा वापर नाही, त्याचीही निगा

आता आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. जहाज आठवडेच्या आठवडे वायूवर चालतं. त्या काळात द्रव इंधनाचे पंप, रॅक, इंजेक्टर नुसते बसून असतात. प्लंजरवर लाखेसारखा थर धरतो, रॅकचे सांधे जड होतात. मग अरुंद खाडीत, पायलट ब्रिजवर असताना वायू ट्रिप झाला आणि डिझेलची बाजू उठलीच नाही, तर? आपत्कालीन मार्ग कागदावर होता, प्रत्यक्षात नव्हता.

म्हणून नियम साधा ठेवा. ठराविक दिवसांनी इंजिन मुद्दाम डिझेलवर चालवा. बंदरात शिरण्याआधी, खुल्या समुद्रात असतानाच, बदल करून बघा. प्रत्येक सिलिंडरचं तापमान नोंदवा, मागच्या वेळेशी ताडून बघा. रॅक हाताने हलवून बघा. घरातला इन्व्हर्टर आपण वीज गेल्यावरच तपासतो. जहाजावर तसं चालत नाही.

तेलाचंही असंच. वायूत गंधक जवळजवळ नसतं, त्यामुळे आम्ल मारणारी क्षारता कमी असलेलं वंगण पुरतं. जास्त क्षारतेचं तेल वायूवर वापरलं तर पिस्टनच्या माथ्यावर राखेचे थर बसतात आणि तेच थर तापून मिश्रण वेळेआधी पेटवतात. उलट, गंधकाचं जड तेल बराच काळ जाळायचं असेल तर कमी क्षारतेचं तेल लायनर खाऊ देतं. कुठलं इंधन किती तास जाळलं याची नोंद म्हणूनच नीट हवी.

वायूचा मार्ग आणि उघडण्याआधीची शिस्त

इंजिन रूममधली वायूची नळी दुहेरी असते. आतल्या नळीत वायू, बाहेरच्या पोकळीत हवा, आणि ती हवा तासाला किमान ३० वेळा बदलली जाते. गळती झाली तर ती पोकळीतच पकडली जाते. गॅस व्हॉल्व्ह युनिटमध्ये एकामागे एक दोन झडपा असतात आणि मधून एक वाट वर मोकळ्या हवेत जाते. बंद करताना दोन्ही मिटतात, मधली उघडते. म्हणजे एक झडप गळली तरी वायू इंजिनाकडे न जाता बाहेर जातो. या झडपा वेळच्या वेळी गळतीसाठी तपासायच्या असतात.

२०१७च्या १ जानेवारीपासून लागू झालेल्या आयजीएफ कोडमध्ये याचे आकडे आहेत. भडकण्याच्या खालच्या मर्यादेच्या २० टक्क्यांवर अलार्म, दोन डिटेक्टरांनी ४० टक्के दाखवले की वायू आपोआप बंद. इंजिन रूममधल्या दुहेरी नळीच्या पोकळीसाठी हेच आकडे ३० आणि ६० ठेवता येतात.

आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरची सवय इथे घात करते, बरं का. त्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो आणि तो जमिनीलगत साचतो. जहाजावरच्या एलएनजीला वास नसतो. आणि मिथेन खोलीच्या तापमानाला हवेपेक्षा हलका, म्हणून छताखाली जमतो. पण नुकताच उकळलेला, अतिथंड वायू जड असतो, तो खाली पसरतो. नाकावर विसंबायचं नाही, डिटेक्टरवर विसंबायचं; आणि डिटेक्टर नमुना वायूने तपासलेला असेल तरच.

दुरुस्तीसाठी नळी उघडायची तर आधी वायू बंद, झडपांना कुलूप आणि पाटी, मग नायट्रोजनने नळी धुवायची, मग मोजायचं, मग पाना लावायचा. पण नायट्रोजनलाही वास नाही आणि तो श्वास कोंडतो. म्हणून कोंदट जागेत शिरण्याआधी वायूबरोबर ऑक्सिजनही मोजायचा. तो हवेतल्यासारखा २१ टक्के हवा. क्रँककेसचं दार हे तर वेगळंच प्रकरण. पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली उतरतोच. इंजिन थांबल्याबरोबर दार उघडलं तर गरम बेअरिंग, तेलाचं धुकं, वायू आणि ताजी हवा एकत्र येतात. किमान १० मिनिटं, आणि उत्पादकाने जास्त सांगितली असतील तर तेवढी, थांबायचं. मग हवा खेळवायची, मोजायचं. बंदर सुटायची घाई आहे हे कारण यात बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट. न जळता निसटलेला मिथेन हवामानालाही महागात पडतो. २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास ताप देतो. कमी भारावर रेंगाळणारं, सिलिंडरांत तोल नसलेलं इंजिन हा वायू जास्त सोडतं. म्हणजे जी निगा खालच्या माणसाचा जीव राखते, तीच वरची हवाही राखते.

कॅडेट मित्रांना शेवटचं सांगणं. सिनिअरने "कर रिसेट" म्हटलं, तर "सर, कारण लॉगमध्ये काय लिहू?" एवढं अदबीने विचारा. बहुतेक सिनिअर तिथेच थांबून खाली बघायला येतात. आता प्रश्न घेऊ या.