बहुरूपी फुलपाखरू : स्वरूप आणि अनुकृती (वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात)

वाशीम जिल्ह्यात ज्या अंगणात कढीपत्ता वा लिंबू आहे, तेथे पावसाळ्यात 'कॉमन मॉरमन' हे फुलपाखरू सहज दृष्टीस पडते. पॅपिलिओ पॉलिटिस हे त्याचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ मध्ये दिले. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेले नीलवंत याच प्रजातीसमूहातील होय. मराठीतील 'बहुरूपी' हे नाव त्यास शोभते. मात्र बहुरूपी आहे ती केवळ मादी.

नर काळा असून त्याच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते. मादी तीन रूपांत आढळते. एक नरासारखीच, दुसरी 'कॉमन रोझ'सारखी, तिसरी 'क्रिमसन रोझ'सारखी. रोझ फुलपाखरांच्या अळ्या किडामारीच्या कुळातील विषारी वनस्पतींवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. बहुरूपीची अळी संत्रा, लिंबू, बेल, कढीपत्ता खाते. तिच्यात ते विष नसते. म्हणजे मादी केवळ वेषावर तरून जाते. अशा अनुकृतीचे विवेचन बेट्सने १८६२ मध्ये केले, तर ही भिन्न रूपे एकाच जातीच्या माद्यांची आहेत हे वॉलेसने १८६५ मध्ये मांडले.

ही फसगत पक्ष्यांपुरती मर्यादित नाही. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या यादीतही काही माद्या 'रोझ' म्हणूनच नोंदल्या गेल्या होत्या! ओळखीची खूण शरीरात आहे : रोझचे शरीर लाल, बहुरूपीचे काळे.

कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखविले की, या रूपांची किल्ली 'डबलसेक्स' या एकाच जनुकात आहे. नरही ते रूप वाहून नेतो, परंतु दाखवीत नाही.

मंगरूळपीर, कारंजा भागातील संत्रा उत्पादकांस ही अळी कीड वाटते. रोपवाटिकेतील कोवळ्या कलमांचे ती नुकसान करते हे खरे. तेथे अळ्या हाताने वेचणे पुरेसे ठरते. मोठ्या झाडास विशेष बाधा होत नाही.

अधिक चिंतेची बाब निराळी आहे. मूळ विषारी फुलपाखरे भरपूर असतील तरच नक्कल उपयोगी पडते. काळ्या जमिनीतील किडामारी तणनाशकाने नाहीशी झाली, तर 'रोझ' घटेल आणि पक्ष्यांना तो धडाच मिळणार नाही. म्हणून आमच्या नोंदवहीत फुलपाखरांच्या शेजारी आता किडामारीचाही रकाना आहे.