पखवाजाची कणीक आणि तापाचा जंतू

भातलावणीच्या दिवसांत रेडीतला एखादा शेतकरी तापाने फणफणतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांच्या मनात लगेच लेप्टोस्पायरोसिसची शंका येते. उंदीर-गुरांच्या लघवीतून चिखलात आलेले हे जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. नेहमीची झटपट चाचणी रक्तातली प्रतिपिंडे शोधते. ती पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा जातो. जंतू मात्र त्या पहिल्या आठवड्यातच रक्तात असतात. थेट त्यांनाच पकडता आले तर?

ध्वनिलहरींवर चालणारे संवेदक इथे आशा दाखवतात. दशावतारातला पखवाज आठवा. डाव्या पुडीला कणीक लावली की स्वर खाली उतरतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाचेही तसेच. वीज दिली की तो थरथरतो आणि त्यावर काही चिकटले की कंपने मंदावतात. जर्मन शास्त्रज्ञ झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये याचे गणित मांडले. सेकंदाला ५० लाख कंपने करणाऱ्या स्फटिकाचे एक कंपन घटले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १८ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे १८ अब्जांश, वजन वाढलेले असते. स्फटिकावर विशिष्ट जंतूला धरणाऱ्या प्रतिपिंडांचा लेप दिला की तो त्या जंतूचा तराजू बनतो.

पण वीज पोचवायला स्फटिकावर सोने किंवा अ‍ॅल्युमिनियमचे इलेक्ट्रोड लागतात. त्यांचे वजन म्हणजे आधीच थापलेली जादा कणीक. कंपने जितकी जलद, तितका हा भार जाचतो. म्हणून संशोधक ग्राफीनकडे वळले. कार्बनच्या एकाच अणूइतका जाड हा थर २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटपासून वेगळा केला; २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १०० नॅनोमीटर जाडीच्या सोन्याच्या थरापेक्षा तो सुमारे अडीच हजार पट हलका असतो, तरी वीज वाहून नेतो.

मात्र जाड धातूपेक्षा त्याचा विद्युतरोध जास्त असतो, त्यामुळे संकेत क्षीण होऊ शकतो. शिवाय रक्तातली इतर प्रथिनेही स्फटिकाला चिकटून फसवतात. त्यामुळे ही चाचणी अजून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेली नाही.

तोवर उपाय साधाच आहे. शेतात राबणाऱ्याला ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसे धोक्यात येतात.