मॅटाडोर बरी होती का? थाटीपूरच्या डिझेल व्हॅनचा मागोवा

ग्वाल्हेरच्या थाटीपूर चौकात भाड्याच्या गाड्यांचा विषय निघाला, की एक मत हमखास ऐकू येतं: गाडी असावी तर जुन्या मॅटाडोरसारखी, हल्लीच्या डिझेल व्हॅन दिसायला देखण्या, पण एक दिवा लागला की जागच्या जागी बसतात. मत नुसतं म्हाताऱ्या चालकांचं असतं तर सोडून देता आलं असतं. पण कालपरवा गाडी घेतलेले तरुण मालकही तेच म्हणतात आणि त्यांच्या हातात वर्कशॉपचं बिल असतं. त्या बिलाला खोटं ठरवण्याचं कारण नाही. प्रश्न इतकाच, की ते बिल नव्या गाडीच्या कच्चेपणाचं आहे, की ती ज्या कामाला जुंपली त्या कामाचं? गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर दुसरं उत्तर जास्त पटतं. डिझेल व्हॅन सुधारत गेली, पण ती एका विशिष्ट कामासाठी सुधारत गेली, आणि थाटीपुरात तिच्याकडून बरेचदा नेमकं उलटं काम करून घेतलं जातं.

पुण्याच्या फिरोदियांनी 1958 मध्ये जर्मन टेंपो कंपनीच्या सहकार्यानं बजाज टेंपो सुरू केली आणि 1969 पासून तिची मॅटाडोर रस्त्यावर आली. 1987 मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली टेंपो ट्रॅव्हलर आली, पुढे मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला तिचं उत्पादन होऊ लागलं आणि 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. पुढच्या काळातल्या मॅटाडोरमध्ये आणि याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीमध्ये मर्सिडीजच्या ओएम 616 या घराण्याचं इंजिन होतं. हे इंजिन म्हणजे लोखंड, डिझेल आणि हवा. सुरू करताना हीटर प्लग आणि सेल्फपुरती वीज लागायची, त्यानंतर जवळजवळ नाहीच. नोझल शंभर-सव्वाशे बार दाबावर उघडायचं. टाकी कोरडी पडून लाइननं एअर घेतली, की चालक स्वतःच खाली उतरायचा, फिल्टरवरचा स्क्रू पान्यानं अर्धा फेरा सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचा. स्क्रूच्या कडेनं आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. ते दिसलं की स्क्रू आवळायचा आणि सेल्फ मारायचा. दहा मिनिटांत गाडी चालू. या दहा मिनिटांच्या आठवणीवर जुन्या गाडीची सगळी कीर्ती उभी आहे.

पण ही दहा मिनिटं किती वेळा यायची, ते कोणी सांगत नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे थंडगार इंजिन धक्क्याशिवाय उठत नसे, मे महिन्यात घाटात रेडिएटर उकळत असे. ऑइल लवकर लवकर बदलावं लागे, टॅपेट सेट करावे लागत, पंप कॅलिब्रेशनला पाठवावा लागे, आणि काही वर्षांत इंजिन खोलून बोअर करण्याची वेळ येई. हा सगळा खर्च गाडीच्या स्वभावाचाच भाग मानला जाई, बिघाड म्हणून त्याची नोंदच होत नसे. शिवाय आज जी जुनी गाडी रस्त्यावर दिसते, ती वाचलेली गाडी आहे. तिच्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या, आणि भंगारातली गाडी चौकात येऊन साक्ष देत नाही. जर्मनीतल्या एडीएसी या मोटार संघटनेकडे रस्त्यात अडकलेल्या गाड्यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी आहे. गाड्यांचं बंद पडणं दशकांमागून दशकं कमी होत गेल्याचं ती दाखवते, आणि बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण इलेक्ट्रॉनिक्स नसून साधी बॅटरी असल्याचंही. जर्मनीचे रस्ते आणि आपले रस्ते एक नव्हेत, हे मान्य. म्हणून आपल्याकडे काय बदललं ते पाहू.

आपल्याकडे बदललं ते आधी डिझेल. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत, म्हणजे 10,000 पीपीएम चालत असे. देशभर लागू झालेल्या बीएस-3 या प्रदूषण-मानकामध्ये (2010) ते 350 वर आलं, बीएस-4 मध्ये (2017) 50 वर आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मध्ये 10 वर. बीएस-5 ही पायरी आपण सरळ गाळली. इंजिनातही तशीच उडी होती. कॉमन रेल या नव्या पद्धतीत डिझेल 1600 बार आणि त्याहूनही जास्त दाबानं फवारलं जातं. इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. जुना पंप रॉकेल मिसळलेलं डिझेलही कुरकुरत पचवायचा, नवा इंजेक्टर पाण्याच्या चार थेंबांनी निकामी होतो. आणि भेसळ ही काही गप्पांतली गोष्ट नव्हे. 2005 मध्ये लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ यांचा खून झाला, 2011 मध्ये मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारलं, दोन्ही वेळी मुळाशी इंधनातली भेसळच होती. तेव्हा नवी इंजिनं नाजूक आहेत, ही तक्रार खरी आहे. मात्र ज्या इंधनात जुनी इंजिनं कुरकुरत जगली, ते इंधन खपवून घेणं हा इंजिनाचा गुण मानायचा की आपली लाचारी, याचा विचार करायला हवा.

आता खरी मेख. बीएस-6 डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला सगळे डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे 600 अंश तापमान हवं. झाशी, शिवपुरी किंवा आग्ऱ्याच्या रस्त्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटर एका लयीत गेलेल्या गाडीत हे चालकाच्या नकळत होऊन जातं. थाटीपुरातली शाळेची गाडी मात्र सकाळी निघते, दर दोनशे मीटरवर थांबते, चौकात इंजिन चालू ठेवून उभी राहते, मुरारपर्यंत किंवा फार तर बाड्यापर्यंत जाते आणि बंद होते. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी शिकवणीच्या मुलांसाठी पुन्हा तेच. धुराडं नीट तापतच नाही. काजळी साठते, गाडी ती जाळायला जादा डिझेल सोडते, तेवढ्यात चालक किल्ली फिरवून मोकळा होतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. मग एक दिवस डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणजे चांगलंच, असं समजून कोणी खूश होतो. प्रत्यक्षात ते पातळ झालेलं असतं आणि टर्बोच्या बेअरिंगचे दिवस भरत आलेले असतात. शेवटी दिवा लागतो, ताकद तुटते, आणि चौकातल्या मताला आणखी एक पुरावा मिळतो. तीच गाडी, तोच कारखाना, फक्त फेरी वेगळी.

यावर पहिला आक्षेप मिस्त्रीचा. जुनी गाडी कुठल्याही झाडाखाली दुरुस्त व्हायची, नवीला स्कॅनर लागतो आणि तो अधिकृत वर्कशॉपमध्येच असतो. आक्षेपात तथ्य आहे, पण झाडाखालची ती विद्या कारखान्यातून आलेली नव्हती. एकच इंजिन अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं वापरलं गेलं, ते हजारो वेळा खोललं गेलं, म्हणून हाताला सवय झाली. बीएस-6 तर ऐन टाळेबंदीत आलं. स्कॅनर आता छोट्या गॅरेजमध्येही पोहोचू लागले आहेत. उणीव आहे ती कोड वाचून त्याचं कारण शोधण्याची. दिव्याचा कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे, हे अजून पुष्कळांच्या गळी उतरायचं आहे.

दुसरा आक्षेप म्हणजे उपाय म्हणून सुचवली जाणारी पळवाट: फिल्टर कापून टाका, धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा ईजीआर बंद करा, गाडी मॅटाडोरसारखी पळेल. पळेलही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या यादीत सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत ग्वाल्हेर जगात दुसऱ्या क्रमांकावर होतं, वार्षिक सरासरी 176 मायक्रोग्रॅम. त्या शहरात शाळकरी मुलांच्या गाडीचा फिल्टर कापण्याचा सल्ला द्यायचा, तर त्या मुलांच्या आईबापांसमोर द्यावा. ज्या गाड्यांत युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ लागतं, त्यांच्याशीही अशीच हातचलाखी होते. या द्रावणात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी निःक्षार पाणी असतं. खताचा कडुनिंबलेपित युरिया नळाच्या पाण्यात ढवळून ते होत नाही. उन्हात तापलेल्या टपरीबाहेर महिनोन् महिने ठेवलेला कॅनही टाळावा, कारण उष्णतेनं द्रावण खराब होतं. एवढ्यावरून गाडी अडली, तर दोष गाडीचा नाही.

म्हणजे नव्या गाडीला काहीच बोल लावायचा नाही, असंही नाही. तिच्या बिघाडांची संख्या कमी झाली, पण एकेका बिघाडाची किंमत भलतीच वाढली, आणि ती किंमत एकाच गाडीवर पोट असलेल्या मालकाला झेपत नाही. दहा गाड्यांच्या ट्रॅव्हल कंपनीला हे गणित परवडतं, एका गाडीच्या मालकाला नाही. विक्रेत्यानं हे आधी सांगायला हवं, ते सहसा सांगितलं जात नाही. माझ्या मते लांबच्या भाड्याला आजची ट्रॅव्हलर कुठल्याही मॅटाडोरपेक्षा सरस आहे, आणि थाटीपूरच्या गल्लीबोळातल्या फेऱ्यांना कुठलीच नवी डिझेल व्हॅन योग्य नाही. त्या कामाला सीएनजी आहे. अवंतिका गॅसचा पुरवठा ग्वाल्हेरमध्ये आहे आणि सीएनजीच्या छोट्या व्हॅनला डीपीएफची भानगडच नाही. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात अलीकडे गाडीच्या रोड टॅक्सवर निम्मी सूट मिळत आली आहे, आणि त्या सुटीच्या भरात कित्येक व्हॅन बुक होतात. बुक करण्याआधी आपल्या गाडीची एक फेरी किती किलोमीटरची आणि त्यात किती थांबे, हे कागदावर लिहून विक्रेत्यापुढे ठेवा, आणि या फेरीवर डीपीएफ साफ होईल का, याचं उत्तर त्याच्याकडून लेखी मागा.