वजनकाटा आणि मंजुरीचा शिक्का

आमच्या परिचयातील एक शिक्षिका गेली अठरा वर्षे तालुक्याच्या गावी गणित शिकवितात. वय सेहेचाळीस, उंची १६० सेंटिमीटर. गेल्या दिवाळीत त्यांचे वजन ९१ किलो होते. मधुमेह औषधांना दाद देईनासा झाला होता. रात्री झोपेत श्वास अडून दचकून जाग यावयाची, आणि शाळेचा दुसरा मजला चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागे. डॉक्टरांनी सर्व तपासण्या पाहून जठराचा आकार लहान करण्याची, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया सुचविली. तत्पूर्वी काही महिने आहार सांभाळा, चाला, शरीर शस्त्रक्रियेस योग्य करा, असेही बजावले. बाईंनी ते मनावर घेतले. शस्त्रक्रिया मे महिन्याच्या सुटीत करावयाचे ठरले, कारण शिक्षकाला सलग काही आठवडे मिळतात ते तेव्हाच. एप्रिलमध्ये कागद विमा कंपनीकडे गेले. तोवर वजन ८८ किलोवर आले होते. कंपनीचे उत्तर आले : आपला शरीरभार निर्देशांक ३५ पेक्षा कमी असल्याने ही शस्त्रक्रिया पॉलिसीच्या कक्षेत बसत नाही.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो मिळतो. बाईंनी भागाकार घरीच करून पाहिला. दिवाळीत तो ३५.५ होता, एप्रिलमध्ये ३४.४ झाला. १६० सेंटिमीटर उंचीला ३५ हा आकडा गाठण्यासाठी ८९.६ किलो वजन लागते. म्हणजे बाई १ किलो ६०० ग्रॅमने कमी पडल्या. सहा महिने पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जे कमावले, तेच त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. आठ दिवस मनसोक्त जेवल्या असत्या, तर कदाचित मंजुरी मिळाली असती!

हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एका बाईंचे दुर्दैव म्हणूनही तो सोडून देता येत नाही, कारण त्याचे मूळ नियमाच्या शब्दांत आहे.

नियम काय म्हणतो?

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत लठ्ठपणावरील उपचार सरसकट वगळलेले असत. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये, कोणत्या गोष्टी वगळता येतील याची प्रमाणित भाषा ठरवून दिली. त्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी चार अटी आहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी, ती वैद्यकीय कार्यपद्धतीस धरून असावी, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे, आणि त्याचा बीएमआय ४० वा अधिक असावा. तो ३५ वा अधिक असेल, तर सोबत स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेतील तीव्र श्वासावरोध किंवा अनियंत्रित मधुमेह यांपैकी काही असावे, आणि वजन घटविण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत. या अटी पूर्ण करणाऱ्यास केवळ 'लठ्ठपणा' या सबबीवर दारातून परत पाठविता येत नाही. हे पाऊल निःसंशय पुढचे होते आणि त्याचे श्रेय प्राधिकरणास दिलेच पाहिजे.

परंतु या शब्दांत काही जागा मोकळ्या राहिल्या. बीएमआय कोणत्या दिवसाचा धरावयाचा, हे त्यांत नाही. पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेल्या दिवसाचा, की अर्जाच्या दिवसाचा? सौम्य उपाय किती महिने केले म्हणजे ते 'निष्फळ' ठरतात, आणि त्याचा पुरावा कोणता, हेही नाही. मोकळ्या जागेत फाईल अडकते, हे कोणत्याही कचेरीत दोन वर्षे काढलेल्या माणसास सांगावयास नको. परिणामी रुग्ण दोन्हीकडून कोंडीत सापडतो. वजन घटले नाही, तर त्याने मनापासून प्रयत्न केले नाहीत, असे म्हणता येते. वजन घटले, तर शस्त्रक्रियेची गरजच काय, असे विचारता येते. मधुमेहाचेही तेच. शस्त्रक्रियेपूर्वी साखर ताब्यात आणा, हा डॉक्टरांचा आदेश. आणि ती ताब्यात आली की मधुमेह 'अनियंत्रित' कुठे राहिला, हा कंपनीचा सवाल!

परदेशी फूटपट्टी, देशी शरीर

३५ आणि ४० हे आकडे तरी आले कोठून? मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची एक परिषद बोलावली होती. तिने या शस्त्रक्रियेसाठी याच दोन मर्यादा सुचविल्या. त्या वेळी शस्त्रक्रिया पोटावर मोठा छेद घेऊन होत असे आणि धोका अधिक होता. आज ती बहुधा दुर्बिणीतून होते. तीस वर्षांनी, २०२२ साली, या क्षेत्रातील अमेरिकन व आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही संघटनांनी मिळून जुन्या मर्यादा बदलल्या. बीएमआय ३५ असल्यास अन्य आजार असोत वा नसोत, शस्त्रक्रियेची शिफारस करावी; आणि आशियाई वंशाच्या लोकांना ती २७.५ पासूनच उपलब्ध असावी, असे त्यांनी सांगितले.

आशियाई लोकांसाठी निराळी रेघ का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणारा भारतीय देह आतून चरबी साठवून असतो, आणि मधुमेह त्याला पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनातच गाठतो. हे ज्ञान आपल्याच भूमीत निपजले. तरीही आपल्या विमापत्रांतील अट मात्र १९९१ च्या अमेरिकन शरीरावर बेतलेली राहिली. यास काय म्हणावे?

मुळात या निर्देशांकाचा जनक वैद्य नव्हता. एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले 'सरासरी माणूस' शोधीत होता. त्या शोधातून हे सूत्र आले. समूहाचे वर्णन करण्यास ते सोयीचे आहे. एका माणसाचे भवितव्य दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर टांगण्यासाठी ते निर्माण झालेले नाही.

दोन प्रकारचे थांबणे

येथे कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया सौंदर्यप्रसाधन नव्हे. तिच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात. तो पुन्हा जोडता येत नाही. त्यानंतर जन्मभर थोडे थोडे खावे लागते, जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात. अशा उपचारासाठी घाईने शिक्का मारणे शहाणपणाचे नाही, आणि विम्याचा पैसा अखेर सर्व हप्तेकऱ्यांचाच असतो. ही भूमिका रास्त आहे.

तथापि थांबण्याचेही दोन प्रकार आहेत. एक तयारीचे थांबणे. त्या काळात हृदय, फुप्फुसे व थायरॉइड यांची तपासणी होते, झोपेतील श्वासावर उपचार होतो, तंबाखू सुटते, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी बोलतात. शस्त्रक्रियेपूर्वीचे सुमारे दोन आठवडे अगदी अल्प आहार देतात, कारण त्याने यकृत आक्रसते व शल्यविशारदास जठरापर्यंत पोचणे सोपे जाते. या थांबण्यात रुग्णाचा प्रत्येक दिवस कामी येतो. दुसरे थांबणे कागदाचे. एका पत्राने झोपेच्या तपासणीचा अहवाल मागवायचा. तो दिला की दुसऱ्या पत्राने दोन वर्षांपूर्वीच्या वजनाची नोंद मागवायची. ती दिली की तिसरे पत्र. या थांबण्यात कोणाचे काहीच सुधारत नाही, आजार मात्र वाढतो. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आता खाजगी कचेऱ्यांनीही आपलीशी केलेली दिसते.

अमेरिकेत अनेक विमा कंपन्या तीन ते सहा महिने देखरेखीखालील आहार सक्तीचा करीत आल्या आहेत. अशा सरसकट सक्तीस शास्त्रीय आधार नाही, असे तेथील बॅरिॲट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेने वारंवार स्पष्ट केले आहे. उलट, स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि चार हजारांहून अधिक लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी आढळले. तेव्हा विलंब ही तटस्थ गोष्ट नाही. 'निर्णय प्रलंबित' असे जेथे लिहिलेले असते, तेथेही शरीरापुरता एक निर्णय होऊनच गेलेला असतो.

मग याविरुद्ध ओरड का होत नाही? हर्नियाच्या वा मोतीबिंदूच्या रुग्णास 'आधी मनोनिग्रह करून पाहिलात का?' असे कोणी विचारीत नाही. लठ्ठ माणसास ते सारे जग विचारते. शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की 'बाई, भात जरा कमी करा' असा सल्ला फुकट मिळतो. वस्तुतः वजन घटले की शरीर भुकेची रसायने वाढवून ते परत मिळवू पाहते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखविले, की आहार नियंत्रणानंतर वर्ष उलटले तरी ही रसायने पूर्वपदावर येत नाहीत. म्हणजे हा झगडा स्वभावाशी कमी आणि शरीरधर्माशी अधिक आहे. परंतु अपराधी ठरविला गेलेला माणूस हक्क मागत नाही. तो ओशाळून रांगेत उभा राहतो. या ओशाळलेपणावरच विलंबाचे फावते.

काय करता येईल?

उपाय दुर्घट नाहीत. शस्त्रक्रियेचा सल्ला ज्या दिवशी मिळाला, त्या दिवशीचे नोंदलेले वजन ग्राह्य धरावे, एवढे एक वाक्य नियमात घातले तरी आमच्या शिक्षिकेसारख्यांची कोंडी सुटेल. 'निष्फळ' या शब्दाला मुदत आणि पुराव्याचे स्वरूप जोडावे. बीएमआयच्या मर्यादा भारतीय शरीरास अनुसरून पुन्हा ठरवाव्यात. कंपनीला जे काही विचारावयाचे असेल, ते एकाच पत्रात विचारावे. प्राधिकरणाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा असे सांगितले आहे. परंतु प्रश्नाचे पत्र आले की घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होते, असाच या बाईंचा अनुभव आहे. तासाचा नियम करणाऱ्यांनी ही पळवाटही बुजवावी.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांनी नकार तोंडी ऐकून घरी परतू नये. नकार देण्यापूर्वी प्रकरण कंपनीच्या दावा-पुनर्विलोकन समितीसमोर गेले पाहिजे आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमान्वये नकार दिला हे लेखी कळविले पाहिजे, असे त्याच परिपत्रकात आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. डॉक्टरांकडील पहिल्या दिवसापासूनचे प्रत्येक वजन तारखेसह कागदावर नोंदवून घ्यावे. ही साधी चिठ्ठी पुढे फार मोलाची ठरते.

आमच्या शिक्षिकेची मे महिन्याची तारीख गेली. रुग्णालयाने ती दुसऱ्या रुग्णास दिली, आणि त्यात रुग्णालयाचा दोष नाही. जूनमध्ये शाळा उघडली. बाईंनी फेरविचाराचा अर्ज केला आहे, त्यास दिवाळीतील वजनाची नोंद जोडली आहे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवाळीच्या सुटीभोवती पेन्सिलीने चौकट काढून ठेवली आहे. शाईने का नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, "अहो, उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय शाईने लिहू नये, असे मी मुलांना शिकविते." दरम्यान डॉक्टरांनी सांगितलेले चालणे त्यांनी सोडलेले नाही. वजन आणखी घटले तर मंजुरी आणखी दूर जाईल, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्या रोज पहाटे चालतात. प्रकृती सुधारण्यासाठी झटणाऱ्या माणसास त्याच्या झटण्याची भीती वाटावी, असा नियम फार काळ टिकू देणे कोणत्याही शहाण्या समाजास शोभणारे नाही.