‘तू बाहेरच बस’: आजारी वडील, दवाखाना आणि दाराबाहेरची मुलगी

खलिफा सिटीतल्या दवाखान्यात बाबांचं नाव पुकारलं, तेव्हा फाईल घेऊन मीही उठले. ते वळून म्हणाले, “तू बाहेरच बस.” खरं सांगते, राग आला. व्हिसा माझ्या नावावर काढलेला, विमा मी भरलेला, सुट्टी टाकून गाडी चालवत मीच आणलेलं. आणि मीच बाहेर?

त्रास प्रोस्टेटचा होता. लघवीबद्दल मुलीसमोर बोलायचं नव्हतं, इतकंच. ‘भाषेसाठी तरी मी हवी’ ही माझी सबब टिकली नाही. डॉक्टर केरळचे, बाबा साताऱ्याचे, दोघांचं मोडक्या हिंदीत छान चाललं होतं.

आपल्याकडे “पेशंटबरोबर कोण आहे?” हा प्रश्न पेशंटच्या नावाआधी येतो. आजार घराचा असतो, त्यामुळे रिपोर्ट मुलाच्या हातात आणि आजारी माणूस बाकावर. कायदा असं मानत नाही. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या 44 वर्षांच्या बाईंचं गर्भाशय डॉक्टरांनी आईची संमती घेऊन काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये सांगितलं की जिवावरची निकड नसताना सज्ञान पेशंटच्या वतीने आईची संमती चालत नाही. आईची चालत नाही, तर मुलीची कशी चालेल? अबुधाबीत 2019 पासून दवाखान्यांच्या नोंदी जोडणारी जी यंत्रणा आहे, तिचं नावच ‘मलफ्फी’. अरबीत ‘माझी फाईल’. माझी, म्हणजे पेशंटची.

इथवर सगळं तात्त्विक. पण सोबत कोणी असण्याला अर्थ आहेच. रॉय केसल्स या डच संशोधकाने 2003 मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती पेशंट लगेच विसरतात, आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं आठवतं.

आमच्या घरी ही किंमत फेब्रुवारीत मोजली गेली. बाबांना सर्दी झाली, मी कपाटातली नेहमीची गोळी दिली. नाक मोकळं करणारी अशी औषधं रक्तवाहिन्या आकसवतात, पण त्याच परिणामाने मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायूही आवळले जातात. त्यात शिंका थांबवणारं औषध असेल तर मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट आधीच वाढलेलं असेल तर लघवी पूर्ण अडू शकते. तशी ती अडली. रात्री दोनला इमर्जन्सीत नळी घालावी लागली. “सर्दीची गोळी घ्यायची नाही” हे बाबांना सांगितलेलं होतं. माझ्या हातची गोळी त्यात मोडते, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर करून टाकलं की यापुढे मी आत येणार. बाबा म्हणाले, “मग मी दवाखान्यात येणार नाही.” आणि ते आले नसते, याची मला खात्री आहे.

मग लक्षात आलं, मला सगळं कळण्याची गरजच नव्हती. घराला लागणारी माहिती थोडीच असते: काय द्यायचं नाही, कशाने चक्कर येऊ शकते, कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही. बाकीचं त्यांचं. आता बाबा एकटे आत जातात. प्रश्न आदल्या रात्री कागदावर स्वतः लिहितात, मी वाचत नाही. शेवटची पाच मिनिटं त्यांनी सांगितलं तर डॉक्टर मला बोलावतात, आणि घरी काय सांभाळायचं तेवढंच सांगतात. औषधांची यादी फ्रिजवर असते. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच, इथे परवानगीशिवाय तसं करणं गुन्हा ठरू शकतो.

एक गोष्ट उशिरा सुचली. नोंदणी करताना मी माझा नंबर दिला होता, त्यामुळे तपासण्यांचे मेसेज मलाच यायचे. दार बंद, खिडकी उघडी! तो नंबर बदलून बाबांचा केला. मेसेज उघडायला त्यांना शिकवताना मी स्क्रीनकडे पाठ करून उभी होते. विनोदी दिसलं असणार.

बाबांचा पीएसए किती, मला माहीत नाही. संशोधनात आयुष्य घालवलेल्या बाईला हे किती छळतं, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

गेल्या खेपेला पाच मिनिटांचं बोलावणंही आलं नाही. बाबा बाहेर आले, कागदाची घडी खिशात घातली. “काय म्हणाले?” मी विचारलंच.

“तुझ्या कामाचं काही नाही. करक चहा कुठे मिळतो इथे?”